अंगठ्यांचा हिशेब

बाबा गेले त्या संध्याकाळी, सगळं आटोपून घरी आल्यावर मी त्यांचा एक फोटो फेसबुकवर टाकला. औदुंबरच्या घाटावर पायरीवर बसलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, हसणारे बाबा. खाली चार ओळी लिहिल्या. हेतू सरळ होता. लांबच्या नातेवाइकांना कळावं, त्यांनी शाळेत ज्यांना गणित शिकवलं त्या जुन्या विद्यार्थ्यांना कळावं.

रात्री अडीच वाजता मी अंधारात फोन हातात घेऊन बसले होते. २१४. जोडलेले हात, रडके चेहरे, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. अकरा वाजता १८० होते. दर थोड्या वेळाने मी पडद्यावर बोट खाली ओढायची आणि आकडा वाढला का ते बघायची. एवढ्यावरच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण कुणाकुणाचं नाव अजून दिसलं नाही, हेही डोक्यात नोंदलं जात होतं. शाळेपासूनची माझी मैत्रीण, जिला बाबांनी दहावीच्या वर्षी आमच्या ओसरीवर बसवून बीजगणित शिकवलं, तिची काही खूणच नव्हती. 'एवढंही जमलं नाही हिला?' असं मनात आलं आणि तिच्या नावावर मी मनातल्या मनात काट मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी होती. हातात पिठलं-भाताचा डबा. तीन तास एसटीत बसून आली होती. "अगं, रात्री दादाचा फोन आला. सकाळची पहिली गाडी धरली," एवढंच म्हणाली आणि आत आईजवळ जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही. फेसबुकवर मी काही टाकलंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

माझी मलाच लाज वाटली. मी काही कॉलेजात जाणारी मुलगी नाही, पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. आरोग्यावर लिहिते, व्यसनांवर लिहिते. तरीही ज्या दिवशी बाप गेला, त्या दिवशी मी आकडे मोजत बसले होते. हे माझ्या एकटीचं वेड नाही, एवढं नंतर वाचनातून कळलं. त्यामागे मेंदूची एक जुनी सवय आहे आणि ती सवय नेमकी ओळखून बनवलेली यंत्रणाही आहे.

बटण आलं कुठून?

फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं ते ९ फेब्रुवारी २००९ रोजी. त्याआधी मित्राच्या मुलीचा फोटो आवडला, तर 'छान', 'गोड आहे हो' असं काहीतरी लिहावं लागे. तेच तेच शब्द वाचण्यापेक्षा एका टिचकीत कौतुक करता यावं, हा या बटणामागचा विचार. कंपनीत सुरुवातीला त्याचं नाव 'ऑसम' ठेवायचं घाटत होतं.

हेतू चांगलाच होता. पण शब्दांची जागा बटणाने घेतली, तशी एक गोष्ट बदलली. शब्द मोजता येत नाहीत, टिचक्या मोजता येतात. कौतुकाला आकडा आला आणि आकडा आला की तुलना आलीच.

हे बटण बनवणाऱ्या गटात लिआ पर्लमन आणि जस्टिन रोझेनस्टाइन हे दोघे होते. पुढे पर्लमन कंपनी सोडून व्यंगचित्रं काढू लागल्या. आपल्या चित्रांना किती लाइक मिळतात, यावर आपण आपली लायकी ठरवू लागलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते २०१८ मध्ये उघडपणे सांगितलं. रोझेनस्टाइन यांनी तर आपल्या फोनवर लहान मुलांसाठी असतं तसं कुलूप दुसऱ्याकडून बसवून घेतलं, म्हणजे नवी ॲप उतरवण्याचा मोह झाला तरी ती उतरवता येऊ नयेत. ज्यांनी सापळा तयार केला त्यांचेच पाय त्यात अडकले, तिथे तुमची-आमची काय कथा!

रस, दिवा आणि माकड

या ओढीबद्दल बोलताना 'डोपामिन' हा शब्द हल्ली सर्रास वापरला जातो. 'लाइक मिळाला की डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं', असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात गोष्ट याहून थोडी वेगळी आहे आणि जास्त उपयोगाची आहे.

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. मग रस देण्याआधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्या पेशी रसाच्या वेळी गप्प राहू लागल्या आणि दिवा लागताच चेतू लागल्या. खरी गंमत पुढे आहे. दिवा लावला, पण रस दिलाच नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी त्या पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली.

म्हणजे या पेशी मोजतात ते सुख नव्हे. अपेक्षा किती होती आणि हाती किती आलं, यातला फरक त्या मोजतात. मागच्या फोटोला १०० जणांनी दाद दिली असेल, तर आजचे ६० हे ६० राहत नाहीत. ते उणे ४० होतात. साठ माणसांनी थांबून तुमचं काहीतरी पाहिलं, ही एरवी आनंदाची गोष्ट. तीच अपयशासारखी बोचते. आकडा वाढत गेला तरी समाधान वाढत नाही, कारण आकड्याबरोबर अपेक्षाही चढत जाते.

त्यात भर पडते ती अनिश्चिततेची. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की दर ठराविक टोचींनंतर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा मिळाल्यावर जरा विसावतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा मिळत असेल तर ते थांबतच नाही, टोचत राहतं. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं आणि बोट खाली ओढून पान ताजं करण्याची आपली क्रियाही तशीच आहे. कधी पाच नवे लाइक, कधी शून्य. त्या शून्यामुळेच आपण पुन्हा ओढतो.

माणसं खरोखरच अशी वागतात का, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तपासलं गेलं. चार हजारांहून अधिक लोकांच्या दहा लाखांवर पोस्ट अभ्यासल्या गेल्या. लाइक वेगाने मिळू लागले की माणसं पुढची पोस्ट लवकर टाकतात आणि ओघ आटला की पोस्टमधलं अंतर वाढतं, असं त्यात आढळलं. दाण्यासाठी कळ दाबणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उंदराच्या वागण्याचं जे गणित, तेच इथेही लागू पडलं.

सोळाव्या वर्षी

पन्नाशीच्या बाईची ही स्थिती, तर सोळा वर्षांच्या मुलामुलींचं काय होत असेल? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत २०१६ मध्ये १३ ते १८ वयाच्या ३२ मुलांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून इन्स्टाग्रामसारखे फोटो दाखवले गेले. त्यात त्यांचे स्वतःचेही फोटो होते. प्रत्येक फोटोखालचा लाइकचा आकडा संशोधकांनीच ठरवलेला होता, मुलांना मात्र तो खरा वाटत होता. स्वतःच्या फोटोखाली मोठा आकडा दिसला की मेंदूतलं बक्षिसाशी निगडित केंद्र उजळत होतं. शिवाय एकच फोटो, पण खाली आकडा मोठा असेल तर मुलं त्याला जास्त पसंती देत होती. काही फोटो दारू, सिगारेट असल्या धोक्याच्या गोष्टींचे होते. ते पाहताना मनाला लगाम घालणाऱ्या भागांची हालचाल कमी झालेली दिसली.

दुसऱ्या एका अमेरिकन संशोधनात शाळकरी मुलांना एका नव्या ॲपवर स्वतःची ओळख लिहायला सांगितली आणि काहींना मुद्दाम इतरांपेक्षा कमी लाइक दिले. हे लाइक देणारं कुणी माणूस नव्हतंच, संगणक होता. तरीही कमी लाइक मिळालेल्या मुलांना आपल्याला नाकारलं गेल्यासारखं वाटलं. ज्यांना शाळेत आधीच इतर मुलांचा जाच होत होता, त्यांना ते सर्वांत जास्त लागलं. ज्याला आधाराची सर्वाधिक गरज, त्यालाच हा आकडा सर्वाधिक दुखावतो.

यात मुलांचा दोष नाही. टोळीतून बाहेर काढलं जाणं म्हणजे मरण, अशा काळात माणसाचा मेंदू घडला. मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञाच्या मते आत्मसन्मान हा आपल्या आतला एक काटा आहे. इतर लोक आपल्याला किती आपलं मानतात, हे तो सतत दाखवत असतो. पूर्वी त्या काट्याला खुराक मिळे तो घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, वर्गातल्या पंधरा-वीस चेहऱ्यांवरून. आता तोच काटा हजारो अनोळखी बोटांना जोडला गेला आहे.

किंमत कुठे मोजली जाते?

पहिली किंमत क्षणाची. समुद्रावर गेल्यावर फोटो काढणं वाईट नाही. फोटो काढताना आपण बारकाईने पाहतो, त्यामुळे आनंद वाढतो, असंही संशोधन सांगतं. पण अलिक्सांड्रा बराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक फरक दाखवून दिला. तोच फोटो स्वतःच्या आठवणीसाठी काढला तर माणूस रमतो, पण इतरांना दाखवण्यासाठी काढला तर 'मी कसा दिसेन' ही काळजी मध्ये शिरते आणि आनंद घटतो. नाताळात काढलेले फोटो तपासले, तेव्हा इतरांसाठी काढलेल्या फोटोंत सजवलेलं झाड आणि ठरवून घेतलेल्या पोझ जास्त होत्या. आपल्याकडे मोदक वाफेतून काढल्यावर ताट आधी खिडकीजवळच्या उजेडात जातं आणि मग पानात येतं, तेव्हा हेच घडत असतं.

दुसरी किंमत स्वभावाची. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या ७,३३१ जणांचे १ कोटी २७ लाख ट्वीट तपासले. संतापाने लिहिलेल्या मजकुराला ज्यांना जास्त लाइक आणि जास्त प्रसार मिळाला, ते पुढच्या काळात आणखी संतापून लिहू लागले. विशेष म्हणजे मवाळ मतांच्या गोतावळ्यातल्या माणसांवर हा परिणाम जास्त झाला. एरवी शांत असणारे आपले काका किंवा जुने सहकारी हल्ली फोनवर इतके कडवट का लिहितात, याचं एक उत्तर इथे आहे. त्यांना कुणी भडकवलं असेलच असं नाही. त्यांना शाबासकी मिळाली.

तिसरी किंमत मुक्कामाची. सी. थी न्वेन हे अमेरिकेतले तत्त्वज्ञ खेळांचा अभ्यास करतात. कॅरममध्ये आपण गुणांच्या मागे लागतो, कारण डाव संपल्यावर ते गुण कुणी घरी नेत नाही. पण आयुष्यातल्या गोष्टींना गुण दिले, की आपली मूळची, धूसर, गुंतागुंतीची मूल्यं बाजूला पडतात आणि गुण तेवढे उरतात, असं ते म्हणतात. स्नॅपचॅटवर दोघांनी दर २४ तासांत एकमेकांना काहीतरी पाठवलं तर त्यांच्या नावापुढचा आकडा रोज एकाने वाढतो. मुदत संपत आली की वाळूचं घड्याळ दिसतं. सुरुवात मैत्रीने होते. दोनशेव्या दिवशी मुलगी भिंतीचा, छताचा काळाकुट्ट फोटो पाठवते, कारण आकडा तुटता कामा नये. परीक्षेच्या किंवा गावाच्या दिवसांत मुलं आपला पासवर्ड मित्राला देऊन ठेवतात, त्याने आपल्या वतीने मैत्री चालू ठेवावी म्हणून! मैत्री कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. आकडा शाबूत असतो.

आणि चौथी किंमत थेट जिवाची. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या जगभरच्या बातम्या तपासल्या. सेल्फी काढताना २५९ जणांचा मृत्यू झाल्याचं त्यांना आढळलं. सर्वाधिक मृत्यू भारतात होते. बुडून झालेल्या मृत्यूंचं प्रमाण सर्वांत मोठं होतं आणि मरण पावलेल्यांचं सरासरी वय तेविशीच्या आत होतं. पावसाळ्यात आपल्या घाटांत, धबधब्यांवर, किल्ल्यांच्या कड्यांवर पोलिसांना पहारा ठेवावा लागतो. निसरड्या दगडावर आणखी एक पाऊल मागे सरकणाऱ्या मुलाला त्या क्षणी दरी दिसत नाही. त्याला दिसत असतो तो फोटो आणि फोटोखाली येणारा आकडा.

घाबरून जायचं का?

इथे एक सावधगिरी हवी. सोशल मीडियाने एक पिढी बुडाली, असं सरसकट म्हणायला पुरावा नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मोबाइल, संगणक यांच्या वापराचा मुलांच्या मानसिक स्वास्थ्याशी संबंध आढळला, पण मुलामुलांतल्या स्वास्थ्याच्या फरकातला जेमतेम ०.४ टक्के भाग त्यातून समजत होता. सरासरीने पाहिलं तर परिणाम लहान आहे. मात्र सरासरीत काहींचं हसं आणि काहींचं रडं एकत्र मिसळलेलं असतं. गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या एकाकी मुलाला याच फोनवर जिवाभावाची माणसंही भेटतात.

नुसता आकडा लपवणं हाही रामबाण उपाय ठरला नाही. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये आधी कॅनडात आणि मग इतर काही देशांत लाइकचा आकडा झाकून पाहिला. काहींना हायसं वाटलं, काहींना राग आला, एकूण फरक अपेक्षेइतका पडला नाही. २०२१ पासून आकडा झाकायचा की नाही, हे त्यांनी वापरणाऱ्यावरच सोडलं आहे. ऑस्ट्रेलियाने तर १६ वर्षांखालील मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी घालणारा कायदा केला आणि तो डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागेल.

वापर कमी केल्याने काय होतं, याचे प्रयोग मात्र झाले आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांपैकी काहींना तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज फक्त १० मिनिटं वापरायला सांगितलं. त्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणं इतरांच्या तुलनेत कमी झाली. अमेरिकेतच २०१८ मध्ये झालेल्या मोठ्या प्रयोगात लोकांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. त्यांचा रोजचा सरासरी एक तास मोकळा झाला. त्यातला काही वेळ टीव्हीपुढे गेला, काही घरच्यांत आणि मित्रांत. बातम्यांची माहिती थोडी कमी झाली, समाधान थोडं वाढलं. 'थोडं'च, पण प्रयोग संपल्यावरही अनेकांनी वापर कमीच ठेवला.

आपल्याला काय करता येईल?

शपथा घेऊन फोन फेकून देण्याची गरज नाही. काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात.

- लाइक आणि प्रतिक्रियांच्या सूचना बंद करा. संदेश आणि फोन चालू राहू द्या. घंटा वाजली नाही की हात आपोआप कमी वेळा फोनकडे जातो.
- फोटो आज काढा, टाकायचा तर दुसऱ्या दिवशी टाका. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी टाकावासा वाटतच नाही. टाकलाच, तर तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.
- आवडलं तर बोटाऐवजी शब्द वापरा. दिवसात एका माणसाला तरी 'वाचलं, आवडलं' असं फोन करून सांगा.
- मुलांना 'किती वेळ फोन बघतोस?' असं विचारण्याऐवजी 'फोन ठेवल्यावर तुला कसं वाटतं?' असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. आणि त्या वेळी आपला फोन खाली ठेवा.
- झोप उडणं, अभ्यास किंवा काम सुटणं, फोटो टाकून तो काढून टाकणं, आकडा कमी आला की दिवसभर उदास राहणं, हे आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर तज्ज्ञांना भेटा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

एकट्याने करण्यापेक्षा हे मिळून केलं तर सोपं जातं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. यातलं शहाणपण असं, की त्या दीड तासात कुणालाच आपण मागे पडतोय असं वाटत नाही. सगळ्यांचेच आकडे थांबलेले असतात.

आमच्या घरात भोंगा नाही. बाबांचं वर्षश्राद्ध झालं त्या रात्री मी आईजवळ झोपले होते. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "हे गेले ना, त्या रात्री मला झोपच नव्हती. खूप बोलावंसं वाटत होतं गं. तू जागी दिसलीस, पण फोनवर होतीस. म्हटलं, काहीतरी महत्त्वाचं असेल, कशाला मध्ये बोला."

मी काय बघत होते, हे तिला सांगण्याचा मला धीर झाला नाही. "आता सांग ना," एवढंच म्हणाले. मग ती बराच वेळ बोलत राहिली. लग्नानंतर बाबा तिला पहिल्यांदा औदुंबरला घेऊन गेले होते, तिथून तिने सुरुवात केली. फोन बाहेर हॉलमध्ये चार्जिंगला होता. तो एकदा वाजला, पण आम्ही दोघीही उठलो नाही.